श्री. व सौ. तंबूकर

गगनबावड्यात पोचलं की पुढे रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक करूळ घाटाने वैभववाडीला उतरतो, दुसरा भुईबावडा घाटाने. दोन्ही शेवटी कोकणातच जातात, तरी कुठल्याने उतरायचं यावर गाडीतल्या नवरा-बायकोचं एकमत झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. गाडी कडेला थांबते, आधी एक दार उघडतं, मग दुसरं जरा जोरात उघडतं, आणि वाद चहाच्या टपरीवर येतो. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझी बैठक त्याच टपरीवर असते. तेव्हा जोडपी या विषयात माझा थोडाफार अधिकार आहे, असं समजायला हरकत नाही.

पूर्वी जोडप्यांचे प्रकार मोजकेच होते. गगनगडावर गगनगिरी महाराजांच्या मठात नारळ घेऊन जाणारी, कोकणातल्या माहेरी निघालेली, पावसाळ्यात घाटात कणीस खाऊन फोटो काढून संध्याकाळी कोल्हापूरला परतणारी. अलीकडे त्यात एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. टपरीवरच्या मंडळींनी त्याचं नाव ठेवलं आहे तंबूकर. खरं आडनाव काहीही असो, गाडी थांबताना पाहिली की टपरीवाले मामा आतून सांगतात, "मास्तर, तंबूकर आलं."

ओळखायला अवघड नाही. गाडीच्या टपावर काळी पेटी असते. मागच्या काचेवर डोंगराचं चित्र चिकटवलेलं असतं, आणि त्याच काचेतून घडीच्या खुर्च्या, बादली, पाण्याचे कॅन आणि एक कुंडी दिसते. कुंडी कशाला, हे मी विचारलेलं नाही. श्री. तंबूकरांच्या विजारीला इतके खिसे असतात की गाडीची किल्ली त्यातल्या एकाही खिशात सापडत नाही. कपाळाला बॅटरी बांधलेली असते आणि ती दुपारी दोन वाजताही चालू असते. सौ. तंबूकर गॉगल डोक्यावर सारून, कंबरेवर हात ठेवून, दरीकडे पाहत "वॉव" म्हणतात आणि मग वळून विचारतात, "इथे वॉशरूम कुठे आहे?"

आता एक गोष्ट मान्य करायला हवी. उघड्यावर झोपण्याची हौस आमच्या गावाला मुळातच कळत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात सगळ्यांत जास्त पाऊस गगनबावड्यात पडतो. शहरात हजार मिलिमीटर झाला तरी लोक पाऊस चांगला झाला म्हणतात. आमच्याकडे तो पाच हजारांच्या घरात जातो. जून ते सप्टेंबर माणसाने भिंतीला हात लावला तर हाताला पाणी लागतं. कपडे वाळत नाहीत, ते चुलीवर शेकून घ्यायचे असतात. छप्पर गळू नये या एका काळजीत आमच्या कित्येक पिढ्या खपल्या. अशा गावात कुणी येऊन सांगावं की, "आम्ही मुद्दाम छप्पर नसलेल्या जागी झोपायला आलोय," तर त्या माणसाकडे बघून आमची म्हातारी बायामाणसं पहिला प्रश्न कोणता विचारणार?

"घरात भांडून आलायसा व्हय?"

तो विचारतातच. सौ. तंबूकर हसतात. श्री. तंबूकर मात्र गंभीर होऊन समजावून सांगतात की, आपण टूरिस्ट नसून ट्रॅव्हलर आहोत; हॉटेलच्या चार भिंतींत निसर्ग भेटत नाही; वर्षभर स्क्रीनसमोर बसल्यावर माणसाला मातीचा स्पर्श हवा असतो. म्हातारी सगळं शांतपणे ऐकून घेते आणि सौ.च्या कानाशी जाऊन हळूच म्हणते, "सासू लई करती का?"

पुण्याहून निघालेलं हे जोडपं कोल्हापूरपर्यंत हमरस्त्याने सुखात येतं. खरा प्रवास तिथून सुरू होतो. कोल्हापूर ते गगनबावडा पंचावन्न किलोमीटर. पण त्यातला पहिला घोटाळा कोल्हापुरातच होतो. फोनमध्ये नुसतं "बावडा" टाकलं तर तो यांना उलट्या दिशेला, कसबा बावड्यात नेऊन सोडतो. तिथे राजर्षी शाहूंचं जन्मस्थान असलेला लक्ष्मी-विलास पॅलेस आहे आणि तो मुद्दाम जाऊन पाहावा असा आहे. तंबूकर तो पाहत नाहीत. ते कुणाला तरी विचारतात, "इथून दरी किती लांब आहे?" समोरचा कसबेकर आधी त्यांच्याकडे, मग गाडीच्या टपाकडे बघतो आणि म्हणतो, "दरी? म्हंजे गगनबावडा हुडकताय तुमी. मागं फिरा. रंकाळा, फुलेवाडी, बालिंगा, आन् मग नाकासमोर."

गाडी मागे फिरते. पुढची दहा मिनिटं आत कुणी बोलत नाही. ज्याने पत्ता टाकला तो खिडकीबाहेर बघतो.

बालिंग्याचा पूल ओलांडून भोगावती मागे टाकली की दोन्ही बाजूंना ऊस लागतो. डिसेंबरात या रस्त्यावर राज्य उसाच्या ट्रॅक्टरचं. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या, ऊस बाहेर लोंबतोय, मागचा दिवा असला तर नशीब, आणि चालकाच्या डोक्यावर लावलेल्या भोंग्यावर अख्ख्या पंचक्रोशीला ऐकू जाईल असं गाणं. श्री. तंबूकरांना पहिला ट्रॅक्टर फार आवडतो. ते व्हिडिओ घेतात. कळ्यापर्यंत ट्रॅक्टरचं कौतुक संपलेलं असतं, आणि साळवणला पोचेपर्यंत ते सहकार चळवळीबद्दल वाईट बोलू लागतात. सौ. या काळात जीपीएस, पाण्याची बाटली आणि नवऱ्याचा रक्तदाब या तिन्हींवर लक्ष ठेवून असतात.

सामानाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तंबूकरांचा जीव सामानात असतो. ही मंडळी सगळं मागे सोडून निघतात आणि येताना सगळं घेऊन येतात. मी स्वतः पाहिलेल्या एका गाडीत गॅसची शेगडी होती, आणि ती पेटली नाही तर असावी म्हणून दुसरी शेगडी. कॉफीच्या बिया दळायचं हाताने फिरवायचं यंत्र होतं. घडी घालता येणारं मातीकामाचं फावडं होतं, ज्याचा उपयोग सौ.नी मला अत्यंत सभ्य शब्दांत सांगितला आणि मी अत्यंत सभ्यपणे विषय बदलला. डब्यांवर चिठ्ठ्या होत्या: मीठ, साखर, हळद, आणि एका डब्यावर "इतर". श्री. तंबूकरांनी गरम पाणी ओतलं की सूप होणाऱ्या पुड्या आणल्या होत्या. सौ.नी त्यांच्या नकळत थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि लिंबाचं लोणचं आणलं होतं. आणि दोघांच्याही नकळत सासूबाईंनी मागच्या सीटखाली दशम्यांचा डबा सरकवून ठेवला होता. त्या मुक्कामात पोटात गेलं ते फक्त या शेवटच्या डब्यातलं.

जागा निवडणं हा तर स्वतंत्र अध्याय. इथे मास्तरकीची खोड म्हणून थोडा इतिहास सांगतो. गगनगड हा शिलाहार राजा दुसऱ्या भोजाच्या काळचा किल्ला, आणि बावडा ही पुढे पंत अमात्यांची जहागीर. म्हणजे ज्यांच्या नावावर 1715 च्या सुमाराचं आज्ञापत्र सांगितलं जातं, त्या रामचंद्रपंत अमात्यांच्या घराण्याची. आज्ञापत्रात दुर्गांवर मोठं प्रकरण आहे. गडाची जागा ठरवताना आधी पाणी पाहावं आणि मग बांधकामाचा विचार करावा, असं त्यात स्पष्ट बजावलं आहे. शिवकाळात ज्यांनी गडकोटांचा कारभार जवळून पाहिला त्या माणसाचं हे मत. तंबूकर त्याच जहागिरीत येऊन आधी नेटवर्क पाहतात. फोन डोक्यावर धरून श्री. तंबूकर सड्यावर गोल फिरतात, एका ठिकाणी दोन काड्या येतात, आणि "इथे!" अशी आरोळी होते. मग सौ. दुसऱ्या टोकाला उभ्या राहून म्हणतात, "अरे, पण सूर्यास्त इकडून दिसतोय." नेटवर्क आणि सूर्यास्त एका जागी येणं हा योग गगनबावडा तालुक्यात दुर्मीळ आहे.

गेल्या डिसेंबरात आलेल्या जोडप्याने सूर्यास्ताच्या बाजूने कौल दिला. घाटमाथ्यावरचा सडा, पुढे थेट कोकण उघडं पडलेलं, खाली झाडीतून वळणं घेत उतरलेला रस्ता. जागा सुंदर होती, त्याबद्दल वाद नाही. पण तिथे दोन गोष्टी असतात ज्या फोटोत येत नाहीत. पहिली वारा. कोकणातून कडा चढून आलेला वारा माथ्यावर पोचतो तेव्हा त्याला मध्ये अडवायला काहीच नसतं. दुसरी जांभा. सडा म्हणजे वर वीतभर माती, कुठे तेवढीही नाही, आणि खाली सलग जांभ्याचा कातळ. तंबूसोबत आलेल्या मेखा ॲल्युमिनियमच्या, बोटाएवढ्या, रंगीत. श्री. तंबूकरांनी पहिली मेख ठोकली, ती वाकली. दुसरी वाकली. तिसरी जांभ्याला लागून उडाली ती आजतागायत सापडलेली नाही.

प्रेक्षक होतेच. म्हशी घेऊन धनगरवाड्याकडे परतणारे एक आप्पा काठीवर हनुवटी टेकवून उभे होते. टपरीवरची दोन पोरं मोटरसायकलवरून मागोमाग गेली होती. त्यांच्याकडूनच हा वृत्तांत मला मिळाला. आप्पांनी बराच वेळ पाहिलं आणि मग चौकशी केली.

"काय करताय म्हनायचं?"

"तंबू लावतोय, काका."

"कशाला?"

"झोपायला."

आप्पांनी दरीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, सौ.कडे पाहिलं. "वारं लई हाय हितं. आमी म्हसरं सुदीक बांधत न्हाई."

श्री. तंबूकरांना हा सल्ला न वाटता आव्हान वाटलं. सूचनापत्रिका काढली. ती सौ.नी मोठ्याने वाचायची आणि श्री.नी त्याप्रमाणे करायचं, असं ठरलं. संसारात ही पद्धत सहसा उलट चालते, म्हणून दोघांना सवय नव्हती. "ब नावाचा खांब क नावाच्या बाहीत," सौ. वाचत होत्या. "क कुठे आहे?" "तुझ्या हातात आहे तो क." "हा ब आहे." "मग ब तिकडे ठेव आणि क घे." "क नाहीच आहे!" एवढ्यात बाहीत वारा शिरला, तंबू फुगला, आणि दोघंही एकाच दिशेला एकाच वेगाने चालू लागले. पोरं सांगतात, लग्नानंतर नवरा-बायको इतके एकदिलाने पळताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिले. आप्पांनी काठी आडवी घालून तंबू अडवला नसता तर तो रात्री साळवणला मुक्कामाला असता.

"गवा येतो का इथे?" तंबू गोळा करता करता श्री.नी विचारलं. तेवढीच आशा उरली होती.

"येतो की."

"दिसेल का आम्हाला?"

"तुमाला त्यो दिसंल. त्येला तुमी दिसू नका म्हंजे झालं," असं म्हणून आप्पा म्हशींच्या मागे गेले.

हे ऐकल्यावर सौ. गाडीत जाऊन बसल्या आणि दार आतून लावून घेतलं. तिथे त्या मुक्कामाचा निर्णय झाला.

अंधार पडल्यावर ही वरात टपरीवर परत आली. वाटेत श्री.नी म्हणे वनखात्याच्या एका पाटीजवळही गाडी थांबवली होती. पोरांनी सांगितलं, की जंगलाच्या हद्दीत मुक्काम करायचा तर परवानगी लागते. मामांनी गावातल्या खोलीचं सुचवलं. श्री. तंबूकर नाही म्हणाले. खोलीत झोपलो तर मित्रमंडळींना काय सांगायचं? सौ. काही बोलल्या नाहीत, पण खोली हा शब्द ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी पाहिलं. शेवटी मामांनी माझ्याकडे बोट केलं. "मास्तरांचं रान हाय खाली, असळजच्या अंगाला. ऊस तुटलाय. तिथं ठोका तंबू."

अशा रीतीने तंबूकर माझे पाहुणे झाले.

माझ्या शेताच्या कडेला त्या दिवसांत ऊसतोड टोळीच्या कोप्या होत्या. दिवाळीनंतर बीडकडची माणसं असळजच्या कारखान्याच्या उसाला येतात, ती पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, इथेच. बांबूच्या कामट्या, वर प्लास्टिकचा कागद, बाजूने पाचट. वाकून आत जायचं. आत एक पेटी, एक रॉकेलचा दिवा किंवा सोलरचा बल्ब, बाहेर तीन दगडांची चूल. माझ्या गाडीच्या मागोमाग तंबूकरांची गाडी शेतात शिरली आणि त्यांच्या दिव्यांच्या उजेडात कोप्यांची रांग दिसली, तेव्हा श्री. खाली उतरून मनापासून म्हणाले, "किती मिनिमल!" मी मराठीचा मास्तर. चाळीस जणांच्या वर्गात बेंचवर उभं करण्याजोगी वाक्यं मी पुष्कळ ऐकली आहेत. हे त्यांच्यातलं होतं. पण पाहुणा होता.

तंबूकरांनी गाडीतून लायटिंगची माळ काढून दोन झाडांना बांधली. लगेच कोप्यांतली पोरं जमली. काय विकायला आणलंय, असं त्यांनी विचारलं. काही विकायला नाही म्हटल्यावर त्यांची थोडी निराशा झाली, पण तंबूच्या दाराला मोठी चेन आहे असा शोध लागला आणि एक सातआठ वर्षांची मुलगी आत जाऊन चेन लावणं-काढणं हा एकच उद्योग करू लागली. खर्र वर, खर्र खाली. अख्ख्या सामानात त्या रात्री विनातक्रार चाललेली वस्तू ती चेन.

मेखांचा प्रश्न होताच. बऱ्याचशा सड्यावर वाकल्या होत्या. मुलीचा बाप चुलीवरून उठून आला. त्याने सूचनापत्रिका मागितली नाही. बांधावरच्या वाळक्या फांदीवर कोयता चालवला. चार घावांत एक मेख, टोक काढलेली, वर दोर अडकायला खाच. बघता बघता पुरेशा झाल्या. खांब कुठला कुठे हे त्याने कापड हाताने चाचपून ओळखलं, तणावे ओढले, ताण बोटाने वाजवून पाहिला. श्री. तंबूकर कपाळावरची बॅटरी त्याच्यावर धरून उभे होते. तेवढं काम त्यांनी चोख केलं.

त्याची बायको भाकरी थापता थापता सौ.शी बोलत होती. माझ्या कानावर पडलं ते सांगतो.

"ताई, तुमचा मुकादम कोन?"

सौ.ना कळेना. तिने फोड करून विचारलं. "म्हंजी तुमाला हिकडं आनलं कुनी?"

"ह्यांनी," सौ. म्हणाल्या आणि नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"आन् उचल किती घेतली?"

आता हे वाचकांना सांगायला हवं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोन माणसं, हिशेबात एक कोयता. हंगामाआधी मुकादम त्या जोडीला उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि मग हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. जोडपं गाव सोडून, गाडीत संसार भरून, परमुलखात माळावर राहायला आलंय, म्हटल्यावर तिच्या हिशेबाने दुसरा अर्थ निघतच नव्हता. मी समजावून सांगणार होतो, पण सौ. हुशार बाई. त्यांनी अर्थ लावला आणि प्रामाणिक उत्तर दिलं.

"बारा लाख. गाडीसाठी."

बाईच्या हातातली भाकरी थांबली. "बारा लाख! मंग कवा फिटायची?"

"पाच वर्षं हप्ते आहेत. घराचे वेगळे, ते वीस वर्षं."

"आन् मधी सोडून गेलं तर?"

"बँक येते दारात."

"मुकादमच हाय मंग तो," बाई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. तिच्या आवाजात खरी सहानुभूती होती. वीस वर्षांची उचल घेतलेला कोयता तिने आयुष्यात पाहिला नव्हता. तिने दोन भाकऱ्या आणि ठेचा सौ.च्या हातावर ठेवला, पैसे घेतले नाहीत. इकडे श्री. तंबूकर वाऱ्याने विझणारी शेगडी विसाव्यांदा पेटवत होते.

रात्री काय झालं ते मी पाहिलेलं नाही, मी घरी गेलो. सकाळी गेलो तेव्हा सौ. तंबूत शांत झोपल्या होत्या आणि श्री. गाडीच्या पुढच्या सीटवर, विजारीच्या सगळ्या खिशांसकट, दुमडून झोपले होते. थंडी की घोरणं की अंगाखालचं ढेकूळ, कारण दोघांनीही वेगळं सांगितलं. टोळी केव्हाच फडात गेली होती.

मग कॉफी. हा विधी एकदा तरी पाहावा. बिया मोजून घेतल्या. श्री.नी यंत्र मांडीत धरून दळायला घेतलं. दहा मिनिटांनी सौ.नी घेतलं. पाणी उकळलं, ते बरोबर किती गरम हवं यावर चर्चा झाली, तोवर ते गार झालं, पुन्हा उकळलं. कागदाच्या गाळणीतून थेंब थेंब पडू लागलं. मला अर्धा कप मिळाला. चव काढ्याच्या जवळ जाणारी होती, पण मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. एवढ्या वेळात पलीकडच्या फडात एक ट्रॉली भरून झाली होती.

तरीही तंबूकरांना मी वाया गेलेली मंडळी म्हणणार नाही. घाटमाथ्यावर बाटल्या फोडून जाणारे, कठड्यावर नावं कोरणारे, धबधब्याखाली गाडीची दारं उघडी टाकून स्पीकर लावणारे, असे पर्यटक आम्ही दर पावसाळ्यात सोसतो. तंबूकर त्यांच्यातले नव्हेत. सामान आवरल्यावर सौ. कागदाचा कपटा, माचिसची काडी, सगळं एका पिशवीत भरून नेताना मी पाहिल्या. आज्ञापत्रात गडावर केरकचरा पडू देऊ नये, तो जाळून राख परसात घालून भाजीपाला करावा असंही सांगितलं आहे. तेव्हा बाई त्या काळात असत्या तर रामचंद्रपंतांनी त्यांना गडावर कामाला ठेवलं असतं. श्री.बद्दल तसं काही सांगता येणार नाही.

शिवाय आणखी एक गोष्ट लक्षात आली. घरी ही दोघं एका खोलीत दोन फोनवर असतात, असं सौ.च सहज बोलून गेल्या. इथे नेटवर्क नव्हतं आणि तंबूला खांब दोन होते. भांडायला का होईना, बोलावं लागलं. निघताना मी विचारलं, पुन्हा येणार का? श्री. म्हणाले, नक्की, पुढच्या वेळी टपावरचाच तंबू घेणार, मेखा लागत नाहीत. सौ. म्हणाल्या, "पुढच्या वेळी खोली." आणि दोघं कुठल्या घाटाने उतरायचं यावर बोलत निघून गेले. गाडी फाट्यावर अर्धा तास उभी होती, असं मामांनी नंतर सांगितलं. शेवटी ते कोल्हापूरला परत गेले.

तर वाचकहो, तुम्हालाही यायचं असेल तर जरूर या. जून ते सप्टेंबर तंबू घरी ठेवा. जोराचा पाऊस लागला की मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी येतं आणि कोल्हापूरचा रस्ता बंद होतो, तेव्हा निघण्याआधी कुणाला तरी फोन करून विचारा. फोनमध्ये पूर्ण "गगनबावडा" टाका. सड्यावर तंबू ठोकू नका, तिथली माती वीतभरच असते आणि पावसाळ्यानंतरची फुलं त्याच मातीत येतात. हिवाळ्यात खालच्या रानात जागा मागा, शेतकरी सहसा नाही म्हणत नाहीत. मेखा लोखंडी आणा. आणि शेजारी ऊसतोडीच्या कोप्या असतील तर रात्री नऊनंतर गाणी बंद ठेवा. ती माणसं पहाटे चारला फडात असतात.